शाळा सोडल्याचं कारण : मुंबईस गेला

आमच्या हायस्कूलची शताब्दी तोंडावर आली आहे. स्मरणिकेतला 'शाळेचा इतिहास' मी लिहावा असं संस्थेच्या बैठकीत ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी एक फाईल घरी आली. तीत अध्यक्षांची यादी होती, देणगीदारांची यादी होती, मुख्याध्यापकांचे कार्यकाळ, बोर्डात चमकलेल्या मुलांची नावं आणि कोनशिलेचा फोटो होता. एवढ्यावर इतिहास लिहून होईल असं सगळ्यांना वाटत होतं. आधी मलाही वाटलं. पण कुठल्याच यादीत माझ्या आत्याचं नाव नव्हतं. ती आठवीत या शाळेत आली आणि नववीत घरी बसली. अशा मुलीची शाळेच्या इतिहासात जागा कुठे, हे शोधायला मी शाळेच्या कार्यालयात जाऊन जनरल रजिस्टर मागितलं.

ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जाड पुठ्ठ्याची, दोन हातांनी उचलावी लागणारी लांबट वही. विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. शाळेतले बाकीचे बहुतेक कागद ठरावीक वर्षांनी रद्दीत काढता येतात. ही वही कायम जपायची असते. एका मुलाला एक ओळ. पुढे पंतप्रधान होवो की खलाशी, ओळ एकच.

जन्मतारखेच्या रकान्यात पानंच्या पानं १ जून आहे. घरात तारीख कुणी लिहून ठेवलेली नसायची. 'शिमग्याच्या आधी झाला', 'मोठं तुफान झालं त्या साली झाला' एवढंच आईला सांगता यायचं. शाळा जूनमध्ये भरायची, म्हणून गुरुजींनी पदरची १ जून लिहिली. त्या तारखेवर माणसं नोकरीला लागली आणि त्याच तारखेवर निवृत्त झाली.

आणि शेवटून दुसरा रकाना, शाळा सोडल्याचं कारण. त्यात सर्वांत जास्त वेळा येणारे शब्द आहेत 'मुंबईस गेला'. एखाद्या पानावर सलग चार ओळी, एकाखाली एक, त्याच अक्षरात. त्याच्या खालोखाल 'सतत गैरहजर'. मग 'घरकामासाठी', 'लग्न झाले', 'फी न भरल्यामुळे नाव कमी केले', 'मयत'. आत्याच्या ओळीत 'घरकामासाठी' आहे. मी ती ओळ बराच वेळ पाहत बसले होते. आजी त्या वर्षी आजारी होती, हे मला घरच्या बोलण्यातून माहीत होतं. वहीत त्याचा एक शब्द आहे, पण आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. कोकणातल्या छोट्या गावांतल्या हायस्कूलांचा इतिहास या वह्यांतून लिहिला पाहिजे, आणि तो आत्ताच लिहिला पाहिजे. आज या शाळांचं भवितव्य एका आकड्यावर ठरतंय. तो आकडा म्हणजे पट, शाळेत दाखल असलेल्या मुलांची संख्या. पटापुढे गावाने काय मांडायचं, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर देणगीदारांच्या यादीत मिळत नाही.

हायस्कूल गावात येण्याआधी शिकणं म्हणजे काय होतं, ते आठवून पाहावं. धोंडो केशव कर्वे दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. सहावीची सरकारी परीक्षा द्यायला हा सतरा वर्षांचा मुलगा मुरूडहून निघून कुंभार्ली घाट चढून साताऱ्यापर्यंत चालत गेला. तिथे परीक्षकांनी बघितलं आणि वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. तसाच परत आला. पुढे मुंबईत शिकून, नोकरी करून याच माणसाने १८८६ साली गावासाठी 'मुरूड फंड' काढला, आणि १९३६ साली, म्हणजे जवळजवळ ऐंशीच्या उंबरठ्यावर, जिथे शाळाच नाही अशा खेड्यांत प्राथमिक शाळा काढायला मंडळ स्थापन केलं. महर्षींच्या कामात हे मंडळ सहसा शेवटच्या ओळीत येतं. मला मात्र त्यात तो साताऱ्याहून परतलेला मुलगा दिसतो. ज्याला एकदा शाळेसाठी घाट चढावा लागला, त्याला वाडीतली शाळा म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

पालगडचे साने गुरुजी दापोलीच्या मिशन हायस्कूलात शिकले. घरच्या परिस्थितीने त्यांना तिथून उठवलं आणि औंधला जावं लागलं. त्या काळी दापोलीत इंग्रजी शाळा होती हेच भाग्य, आणि ती मिशनरी आल्फ्रेड गॅडने यांच्या नावाने आजही उभी आहे. पण दापोली, रत्नागिरी, अशी बोटावर मोजण्याइतकी ठिकाणं सोडली तर पुढचं शिक्षण म्हणजे गलबतात किंवा आगबोटीत बसणं. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झाली की एकतर गावातच मास्तर व्हायचं, नाहीतर मुंबई.

मग गावोगावी हायस्कूलं निघाली कशी? याचं मूळ १८५४ च्या वुडच्या खलित्यात, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणधोरणाच्या कागदात आहे. सरकारने सगळीकडे स्वतः शाळा काढण्यापेक्षा स्थानिक लोकांनी शाळा काढाव्यात आणि सरकारने अनुदान द्यावं, अशी ती पद्धत. ती पुढे पक्की होत गेली, आणि म्हणून आपल्याकडचं हायस्कूल कागदावर 'खासगी अनुदानित' असतं. या 'खासगी' शब्दाने फार घोटाळा केला आहे. आमच्या गावातलं हायस्कूल कुणाच्याच खासगी मालकीचं नव्हतं. जागा एका घराण्याने दिली, हे कोनशिलेवर आहे. पण चिरे खाणीतून फुकट आले, ते वाहायला बैलगाड्या वाडीवाडीतून आल्या. बंदरावर मासळीच्या लिलावात शाळेसाठी पैसे बाजूला काढले जात. बागायतदारांनी नारळ दिले, ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांनी पावसाच्या आधी दर वर्षी येऊन कौलं परतली. आणि मुंबईत लालबाग-परळला असलेल्या चाकरमान्यांच्या गाव-मंडळाने गिरणीच्या पगारातून महिन्याला वर्गणी पाठवली. मालवणात अनंत शिवाजी देसाई टोपीवाल्यांच्या नावाने हायस्कूल उभं आहे, मुंबईच्या व्यापारातला पैसा गावाकडे वळवणारे असे मोठे दाते कोकणाला लाभले. पण टोपीवाले गावोगावी नव्हते. बाकीच्या शाळा आणे-पैच्या वर्गणीवर उभ्या राहिल्या. म्हणून मी या शाळेला सार्वजनिक शाळा म्हणते, कागद काहीही म्हणो.

इथपर्यंत लिहून थांबलं की गौरवग्रंथ तयार होतो. वही मात्र थांबू देत नाही. पहिल्या रजिस्टरच्या पहिल्या पानांवर जातीचा रकाना वर-खाली वाचला की तीन-चार जातींबाहेर नाव सापडत नाही. ज्या वाड्यांतून बैलगाड्या आल्या, त्या वाड्यांतली मुलं त्या पानांवर नाहीत. बंदरावरच्या पैशाने बाकं आली, त्या बाकांवर बंदरावरची मुलं बसायला बरीच वर्षं गेली. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको, असं म्हणून आपण गप्प राहतो. मी गप्प राहणार नाही.

दापोलीचं उदाहरण नोंदलेलं आहे. तिथे लष्करातून निवृत्त झालेले महार पेन्शनर मोठ्या संख्येने राहत. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतले, फुल्यांच्या विचारांचे, अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी हातात घेणारे पहिल्या पिढीतले कार्यकर्ते. १८९२ च्या सुमारास या पेन्शनरांनी आपल्या मुलांना दापोलीच्या नगरपालिकेच्या शाळेत घ्या म्हणून अर्ज केला. शाळा सार्वजनिक पैशावर चालत होती, कर सगळेच भरत होते. बऱ्याच झगड्यानंतर मुलांना जागा मिळाली ती व्हरांड्यात. बाकीची मुलं आत, ही मुलं बाहेर, आणि कोकणातल्या पावसात व्हरांडा म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. पुढे १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सरकारी पैशाच्या विहिरी, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या झाल्या. कागदावर झाल्या. रत्नागिरीत शाळेत सगळ्या मुलांना एकत्र बसवण्यासाठी त्यानंतरही सावरकरांना चळवळ करावी लागली, यावरून कागद आणि बाक यांच्यातलं अंतर कळतं.

याच मातीशी जोडलेली एक नोंद मात्र साताऱ्यात जपली गेली आहे. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्या घराण्याचं मूळ गाव, त्या घरातल्या मुलाचं नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं. रजिस्टर क्रमांक १९१४, भिवा रामजी आंबेडकर. आज त्या शाळेचं नाव प्रतापसिंह हायस्कूल आहे. ती वही शाळेने सांभाळली, आणि २०१७ पासून महाराष्ट्र शासन ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. विचार करा, एका माणसाच्या शाळाप्रवेशाचा दिवस सबंध राज्याला माहीत आहे तो वहीतल्या एका ओळीमुळे. ओळ लिहिणाऱ्याने ती बाकीच्या ओळींसारखीच लिहिली असणार.

आमच्या वहीतही ही हालचाल दिसते, फक्त ती सावकाश उलगडते. खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताची सत्ता, १९४९ च्या कायद्याने गेली आणि त्यानंतरच्या वह्यांत कुणबी वाड्यांमधली नावं एकदोन करता करता पानभर होतात. खोताच्या परवानगीवाचून मुलाला शाळेत घालता येतं, हे कळायला आणि पटायला काही वर्षं लागली. यशवंतराव चव्हाणांच्या काळात ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची सवलत आली, वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांची फी माफ झाली, आणि 'फी न भरल्यामुळे नाव कमी केले' हा शेरा जवळजवळ नाहीसा होतो. धोरण काय करू शकतं हे मला एखाद्या अहवालातून इतकं स्पष्ट कधी कळलं नव्हतं. एक शेरा नाहीसा होतो. मुलींची नावं मात्र येतात आणि गळतात, येतात आणि गळतात. आठवीत बारा, दहावीत चार. ही गळती थांबायला आणखी एक पिढी गेली.

शाळा सर्वांची होती असं आपण शताब्दीच्या भाषणात म्हणणार असू, तर ती सर्वांची कधी झाली आणि कुणी केली तेही म्हटलं पाहिजे. ते न सांगता पटाविरुद्ध लढायला उभं राहिलो तर ज्यांना पन्नास वर्षं व्हरांड्यात ठेवलं ती घरं आपल्यामागे का यावीत? इतिहास सबंध लिहिण्याचं हे अगदी व्यावहारिक कारण आहे.

आता पटाकडे येते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. राज्याची लोकसंख्या वाढत असताना हे दोन जिल्हे आकसले. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत, आणि त्याचं कारण इथे स्त्रिया जास्त जन्मतात हे नाही. पुरुष बाहेर आहेत. पूर्वी गिरणीकामगाराचं बिऱ्हाड गावी असे, तो एकटा मुंबईच्या खोलीत राही, मनीऑर्डर आणि वर्गणी पाठवी, मुलं गावच्या शाळेत शिकत. १९८२ च्या संपानंतर ते चक्रच मोडलं. पुढच्या पिढीने वसई-विरार, डोंबिवली, पनवेलकडे घरं केली आणि बायकामुलांसकट गेली. रजिस्टरमध्ये हा बदल एका अक्षराने दिसतो. आधी 'मुंबईस गेला' दहावी झाल्यावर येई, आता पाचवी-सहावीलाच येतो, आणि तोही 'मुंबईस गेले' असा, कारण भाऊ-बहीण एकत्र जातात.

एक गोष्ट मला फार बोचते. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. २०२४ मध्ये ९९.०१ टक्के, २०२५ मध्ये ९८.८२. पेपरात दर निकालाला हीच बातमी, पेढ्यांसह फोटो. ज्या जिल्ह्यांचं अभिनंदन होतं त्याच जिल्ह्यांतल्या शाळांना पट नाही म्हणून नोटिसा येतात. शंभर वर्षं या शाळांनी मुंबईला शिकलेला माणूस पुरवला. कारकून, फिटर, नर्स, शिक्षक, बँकेतला कॅशियर. मुंबईने तो घेतला. ज्या शाळेने तो तयार केला तिच्याकडे आता विचारणा होते, तुमच्याकडे मुलं कमी का?

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने समूह शाळांचे, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे प्रस्ताव मागवले. त्या वेळी राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या. त्यांतल्या बहुतेक प्राथमिक, तरी हायस्कूलने निर्धास्त राहावं असं काही नाही. वाडीतली चौथी बंद झाली की तिथल्या मुलांचे पालक तालुक्याची व्हॅन लावतात आणि आमच्या पाचवीत येणारी पाच मुलं इंग्रजी माध्यमात जातात. मग १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचे निकष बदलले आणि कमी पटाच्या वर्गांची शिक्षकपदंच धोक्यात आली. शाळा बंद करण्याचा आदेश काढावा लागत नाही. गणिताचं पद गेलं, मग विज्ञानाचं गेलं, की पालक आपणहून मुलं काढतात.

दुसरी बाजू खोटी आहे असं मी म्हणणार नाही. सात मुलांच्या वर्गात खो-खोचा संघ होत नाही. एकच शिक्षक मराठी, इतिहास आणि चित्रकला शिकवतो तेव्हा तिन्हींचं नुकसान होतं. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या आमच्याकडे इतक्या वर्षांच्या आहेत की त्यांनाच इतिहास आहे. आणि हेही कबूल केलं पाहिजे की मधल्या काळात कोकणात काही हायस्कूलं गरजेपोटी निघाली नाहीत. शेजारच्या गावात आहे म्हणून आमच्यात हवं, एका पुढाऱ्याची संस्था आहे म्हणून दुसऱ्याची हवी, अशी दोन-तीन किलोमीटरवर निघाली. २००१ नंतर तर 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर, म्हणजे सरकारी अनुदान कधीच मागायचं नाही या अटीवर परवानग्या निघाल्या, 'कायम' हा शब्द २००९ मध्ये वगळला, तोवर शिक्षकांनी आयुष्याची उमेदीची वर्षं फुकट घातली होती. अशा शाळा सपाट रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर असतील तर त्या एकत्र कराव्यात. मी त्याच्या बाजूने सही करीन.

पण अंतर मोजायचं कसं? मंत्रालयातल्या नकाशावर आमच्या हायस्कूलपासून पलीकडच्या हायस्कूलपर्यंत बोटभर अंतर आहे. मध्ये खाडी आहे. खाडी ओलांडणारी होडी, म्हणजे तर, चालू असते तेव्हा पंधरा मिनिटं, जुलैमध्ये ती बंद असते तेव्हा रस्त्याने वळसा घालून सव्वा तास. वाडीतून पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरून, वहाळावरचा साकव ओलांडून डांबरी रस्त्याला यायचं आणि मग एसटीची वाट बघायची. सकाळची गाडी चुकली की शाळा चुकली. संध्याकाळची गाडी उशिरा आली की मुलगी अंधारात पाखाडी चढणार, आणि अशी चार वेळा चढली की घरचे म्हणणार, पुरे झालं शिक्षण. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, ही चांगली गोष्ट आहे. पास असला तरी गाडी यावी लागते.

शिक्षणहक्क कायद्याने पाचवीपर्यंत एक किलोमीटर आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत शाळा असण्याची हमी दिली. पण तो कायदा सहा ते चौदा वयाचा आहे. नववी-दहावी त्याच्या बाहेर पडते. आत्या सुटली ती नेमकी तिथेच, नववीत. तिच्या वेळी शाळा घरापासून चालत पंचवीस मिनिटांवर होती आणि तरीही ती सुटली. आज ती शाळा खाडीपलीकडे नेली तर त्या रकान्यात 'घरकामासाठी' पुन्हा लिहावं लागेल, किंवा त्याहून वाईट, काहीच लिहावं लागणार नाही, कारण नाव नववीत दाखलच झालेलं नसेल. जे नाव वहीत येत नाही त्याची गळतीही मोजली जात नाही.

म्हणून शाळेबद्दल निर्णय घेताना पटाशेजारी दोन गोष्टी ठेवाव्यात असं माझं मत आहे. एक म्हणजे पावसाळ्यातलं चालायचं अंतर, वाडीच्या उंबऱ्यापासून वर्गाच्या दारापर्यंत. दुसरी म्हणजे ही वही. गेल्या तीस-चाळीस वर्षांत कोणकोणत्या वाड्यांतून मुलं आली, मुली कुठपर्यंत शिकल्या, कोणती शाळा सुटल्यावर कोणत्या वाडीचं नाव पानावरून नाहीसं झालं, हे त्यात आयतं लिहिलेलं आहे. ग्रामसभेत ते वाचून दाखवावं. अधिकाऱ्यांनी ते ऐकावं. एका वर्षाच्या ३० सप्टेंबरच्या पटावरून शंभर वर्षांच्या कामाचा निकाल लावता येत नाही.

त्यासाठी वही शिल्लक मात्र असायला हवी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत शाळांचे पत्रे आणि कौलं उडाली, आणि पुढचे चार महिने पाऊस होता. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा १८६४ सालापासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं. २००५ च्या पुरातही शिरलं होतं. आमची पहिली दोन रजिस्टरं निसर्गच्या वेळी कपाटात होती आणि कपाट ज्या भिंतीला होतं त्या भिंतीवरचं छप्पर गेलं. मुख्याध्यापकांनी पानं पंख्याखाली वाळवली, मध्ये टिपकागद घातले. तरी पहिल्या वहीतली बावीस पानं एकमेकांना चिकटून लगदा झाली. वाळवीने आधीच खाल्लेली पानं वेगळी.

गावाला या वह्यांची किंमत माहीत नाही असं नाही. जातपडताळणीच्या वेळी सगळ्यांना ती कळते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि आजोबांचा असा पुरावा बहुतेक वेळा शाळेच्या रजिस्टरमध्येच सापडतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी राज्यभरातल्या जुन्या शाळांच्या वह्या उघडल्या गेल्या. माणसं रजा काढून येतात, एक ओळ शोधतात, उतारा घेतात आणि जातात. आजोबांच्या ओळीखाली कुणाची ओळ आहे हे बघायला थांबत नाहीत. ज्या रकान्याने कधीकाळी मुलाला व्हरांड्यात बसवलं तोच रकाना आज त्याच्या नातवाला कॉलेजचं दार उघडून देतो, एवढं जरी कुणी त्या क्षणी मुलांना सांगितलं तर तो शाळेतला इतिहासाचा उत्तम तास होईल.

शताब्दीसाठी प्रवेशद्वारावर कमान बांधायचा ठराव आहे. त्याला माझा विरोध नोंदवलेला आहे आणि इथे पुन्हा नोंदवते. त्या पैशात सगळ्या रजिस्टरांची छायाचित्रं काढून होतात, वह्यांना चांगलं बाइंडिंग होतं, भिंतीपासून सुटं असलेलं लोखंडी कपाट येतं आणि उरलेल्या पैशात नववी-दहावीच्या मुलींसाठी संध्याकाळची गाडी एक वर्ष ठेवता येते. जातीच्या आणि वर्तणुकीच्या नोंदी उघड्यावर टाकू नयेत, हे मला मान्य आहे. छायाचित्रं शाळेकडेच राहावीत, आणि स्मरणिकेत वर्षवार आकडे आणि वाड्यांची नावं यावीत. कुणी किती दिले याच्या यादीऐवजी कुठल्या वाडीतून पहिलं मूल कधी आलं, पहिली मुलगी कधी आली आणि दहावीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी कधी, ही यादी मला छापायची आहे.

ती पूर्ण होत नाही, कारण त्या बावीस पानांवरची नावं गेली आहेत. पण त्या मुलांना शाळा सोडताना दाखले दिले होते. ते दाखले कुठे असतील, तर लालबागच्या, काळाचौकीच्या, परळच्या खोल्यांत, आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या आणि गिरणीच्या तिकिटाच्या खाली. आमच्या गावचे जे कुणी हे वाचत असतील त्यांना माझी विनंती आहे. या गणपतीला गावी येताना ती ट्रंक एकदा उघडा. दाखला सापडला तर घेऊन या. त्यावर डाव्या कोपऱ्यात रजिस्टर क्रमांक असतो. नंतर घरी परत न्या, मला फक्त तो क्रमांक आणि त्यापुढचं नाव उतरवून घ्यायचं आहे. गौरी येईपर्यंत रोज सकाळी दहा ते एक मी शाळेच्या कार्यालयात बसलेली असेन.